कधीच न उडालेल्या जहाजाची मोजमापे

माझा भाचा नववीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपाकडे गेलो, तर हा पठ्ठ्या कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी तावातावाने भांडत होता. त्याचे तीन मित्र आपापल्या घरी बसून त्याच खेळात होते. खेळ माइनक्राफ्ट. चौघे मिळून ठोकळ्यांचे एक भलेमोठे जहाज बांधत होते. समुद्रातले नव्हे, अवकाशातले. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतले ‘एंटरप्राइज’.

भांडणाचा विषय कळला तेव्हा मी हसलो. कप्तानाची खुर्ची सरळ नाकासमोर ठेवायची की जरा डावीकडे वळवून, यावरून दोन तट पडले होते. “मामू, तुम्ही इतिहास लिहिता ना, मग सांगा, खरं काय?” असे म्हणत त्याने हेडफोन माझ्याकडे सरकवला. जे जहाज कधी अस्तित्वातच नव्हते, त्याचे खरे काय सांगणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी येऊन शोधाशोध केली आणि लक्षात आले की, या खुर्चीवरचा वाद या पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. निर्माते होते जीन रॉडनबेरी. जहाजाचा आराखडा ज्याने केला तो मॅट जेफरीज स्वतः विमान चालवणारा माणूस होता. रॉडनबेरींनी त्याला काय हवे यापेक्षा काय नको हे जास्त सांगितले होते. ज्वाळा नको, पंख नको, त्या काळच्या चित्रांत असायची तसली अग्निबाणाची नळकांडी नको. जेफरीजने व्यवहारी विचार केला. इतक्या प्रचंड ताकदीची इंजिने माणसांपासून लांब हवीत, म्हणून ती दोन दांड्यांवर बाहेर ठेवली. दुरुस्ती आतून करता यावी, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत. वरची थाळी, खालचे नळकांडे आणि मागची दोन इंजिने असा हा सांगाडा जगभर ओळखीचा झाला, तो या साध्या हिशोबातून.

पडद्यावर दिसणारे जहाज म्हणजे सुमारे अकरा फूट लांबीचे एक मॉडेल. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. हे मॉडेल एकाच बाजूने पूर्ण होते! कॅमेरा उजव्या बाजूने फिरायचा, म्हणून ती बाजू रंगवून, खिडक्या लावून सजवलेली. दिव्यांच्या वायरी बाहेर काढायला कुठेतरी जागा हवी होती, ती डावीकडे घेतली आणि ती बाजू तशीच अर्धवट ठेवली. म्हणजे ज्या जहाजाच्या प्रतिकृती लोक साठ वर्षे बनवत आले, त्याची डावी बाजू मूळ कारागिरांनी पुरी केलीच नव्हती. जो कुणी ते पुन्हा बांधतो, तो उजव्या बाजूवरून डावी ताडतो.

आतले काम याहून वाईट. स्टुडिओतला सेट हा कॅमेऱ्याच्या सोयीसाठी असतो, मजल्यावर मजला चढवायला नाही. ‘गॅलिलिओ’ नावाच्या छोट्या यानाचे उदाहरण चाहते नेहमी देतात. बाहेरून दाखवलेले यान सुमारे बावीस फुटांचे, आणि आत मात्र नट आरामात उभे राहून चालताना दिसतात. बाहेरच्या खोक्यात आतली खोली बसतच नाही. टीव्हीवर हे कुणाच्या लक्षात येत नाही, बांधायला बसले की पहिल्याच दिवशी लक्षात येते.

मालिका १९६९ मध्ये बंद पडली आणि सेट मोडून टाकले गेले. त्याआधी १९६७-६८ च्या सुमारास ती बंद होणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी पत्रांचा एवढा मारा केला होता की, वाहिनीला तिसरे वर्ष द्यावे लागले. हीच मंडळी पुढे कामी आली. अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव द्यायचे ठरले होते. पुन्हा पत्रांचा पाऊस पडला, थेट राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे, आणि १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते यान ‘एंटरप्राइज’ नावानेच बाहेर आले. समारंभाला मालिकेतले नटही हजर होते. गंमत म्हणजे हे खरेखुरे एंटरप्राइजही अवकाशात कधी गेले नाही. ते उतरण्याच्या चाचण्यांसाठी वापरले गेले, आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात उभे आहे.

आता त्या खुर्चीकडे येऊ. फ्रान्झ जोसेफ नावाने ओळखले जाणारे एक गृहस्थ विमान उद्योगात आराखडे काढायचे काम करत. त्यांची मुलगी या मालिकेची चाहती. तिच्या मित्रमैत्रिणींनी हौसेने बनवलेल्या वस्तू बघून यांच्यातला इंजिनियर जागा झाला. मापे चुकलेली त्यांना बघवेनात. त्यांनी अख्ख्या जहाजाचे नकाशे काढायला घेतले, एखाद्या खऱ्या विमानाचे काढावेत तसे. १९७५ मध्ये बारा मोठ्या कागदांचा तो संच छापून बाजारात आला आणि धडाक्यात खपला. त्याच वर्षी त्यांचे ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’ही आले. जहाजाची लांबी २८९ मीटर, थाळीचा व्यास १२७ मीटर, कुठल्या मजल्यावर कोणती खोली, सगळे तपशीलवार.

हे करताना त्यांना एक अडचण आली. जहाजाच्या बाहेरच्या मॉडेलवर कप्तानाच्या कक्षामागे एक उंचवटा आहे, बरोबर मधोमध. तो लिफ्टचा असणार, हे उघड. पण सेटवर लिफ्टचा दरवाजा कप्तानाच्या बरोबर मागे नाही, तो मागे डाव्या हाताला आहे. तसे केले म्हणजे खुर्चीत बसलेला नट आणि मागून दारातून येणारा नट कॅमेऱ्याला एकदम दिसतात. आता बाहेरचे खरे मानायचे की आतले? फ्रान्झ जोसेफ यांनी दोन्ही खरे मानले आणि अख्खा गोल कक्षच ३६ अंशांनी डावीकडे फिरवला. लिफ्ट मधोमध आली. पण कप्तान जहाजाच्या नाकाऐवजी तिरका डावीकडे बघत बसला! झाले, तेव्हापासून चाहत्यांत दोन तट. एक म्हणतो, नकाशा छापलेला आहे, तो प्रमाण. दुसरा म्हणतो, वाकड्या तोंडाने कोण जहाज चालवतो?

इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची आहे. बखर एक सांगते, शिलालेख दुसरेच. दोन्हींचा मेळ घालायला कुणीतरी तिसरीच गोष्ट रचतो, आणि पुढची पिढी त्या तिसऱ्या गोष्टीलाच पुरावा मानते.

माइनक्राफ्ट २००९ मध्ये स्वीडनमध्ये जन्मला. मार्कुस पर्सन याने एकट्याने सुरुवात केली, त्याच वर्षी अनेकांना एकत्र खेळता येण्याची सोय आली, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला कंपनी विकत घेतली. यातल्या जगात सगळे काही ठोकळ्यांचे, आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. हाच या खेळाचा मोठेपणा. लेगोचे जहाज टेबलावर मावेल एवढेच होते. इथे खऱ्या मापाचे होते, तुम्ही त्याच्या दारातून आत जाता.

२०१० च्या सप्टेंबरमध्ये एका खेळाडूने युट्यूबवर व्हिडिओ टाकला आणि लोक चकित झाले. त्याने माइनक्राफ्टमध्ये पुढच्या मालिकेतले, म्हणजे १९८७ सालचे, ‘एंटरप्राइज-डी’ पूर्ण मापात उभे करायला घेतले होते. हे जहाज सुमारे ६४० मीटर लांब आणि ४२ मजल्यांचे. त्या वेळी खेळातल्या जगाची एकूण उंची होती १२८ ठोकळे. सहज गणित करून बघा. एका मजल्याला तीन ठोकळे दिले, एक जमिनीचा आणि दोन मोकळे, तरी ४२ मजल्यांचे १२६ होतात. शिल्लक राहतात दोन! त्यात जमिनीची पातळी ६४ च्या आसपास, म्हणजे डोंगर, समुद्र सगळे बाजूला सारल्याशिवाय जहाज मावायचे नाही. पुढे २०१२ मध्ये उंची २५६ झाली तेव्हा बांधणाऱ्यांना जरा डोके वर काढता आले.

दुसरी पंचाईत गोलाची. ठोकळ्यांच्या दुनियेत वर्तुळ नसते. १२७ मीटरची थाळी करायची तर प्रत्येक ओळीत किती ठोकळे, हे मोजून पायऱ्यापायऱ्यांनी गोल भासवावा लागतो. १२७ ही विषम संख्या आहे हे नशीब. त्यामुळे नेमका मधला ठोकळा सापडतो आणि तिथून चारी दिशांना मोजता येते. विजापूरच्या गोल घुमटात चौकोनी भिंतींवर गोल घुमट चढवायला कारागिरांनी एकमेकींत गुंतलेल्या कमानी रचल्या. आपल्या पोरांकडे कमान नाही, फक्त चौकोन आहेत. आणि याच चौकोनी जाळ्यावर ३६ अंश फिरवलेला कक्ष बसवायचा म्हटले तर भिंती करवतीच्या दात्यांसारख्या दिसू लागतात. भाच्याचे म्हणणे असे की, खुर्ची सरळ ठेवा, कारण तिरकी केली तर ‘घाण दिसते’. फ्रान्झ जोसेफना हा मुद्दा पटला नसता.

अनेकांनी मिळून बांधायचे म्हटले की, आणखी भानगडी. मजले वाटून घ्यावे लागतात. पांढरा कुठला वापरायचा, लोकर की क्वार्ट्झ, हे ठरवावे लागते, नाहीतर दोन मजले जोडताना ठिगळ दिसते. ‘वर्ल्डएडिट’सारखे साधन एका आदेशात हजारो ठोकळे मांडते, आणि एका चुकीच्या आदेशात तेवढेच पुसते. शिवाय ज्याला कंटाळवाणे काम मिळते तो कुरकुरतो. कप्तानाचा कक्ष सगळ्यांना हवा, एकसारख्या दोनशे खोल्या कुणालाच नको. भाच्याच्या गटातला जो सर्वात शांत मुलगा होता, त्याने त्या खोल्या केल्या.

या जहाजांत आपल्या ओळखीचे चेहरे कमी, पण आहेत. १९७९ च्या पहिल्या सिनेमात डोके तुळतुळीत करून आलेली इलिया ही आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा. आणि ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतला डॉक्टर ज्युलियन बशीर सुदानमध्ये जन्मलेल्या सिद्दीग अल फादिल याने केला. हा बशीर १९९३ मध्ये एका भागात एंटरप्राइज-डी वरही येऊन गेला. त्याच्या नावामागे कुठलाही संशय नाही, खुलासा नाही. चोविसाव्या शतकातला एक हुशार, जरा बडबड्या डॉक्टर, एवढेच. आमच्या पिढीने टीव्हीवर असे बशीर फार पाहिले नाहीत.

मालकीचा प्रश्न टाळून चालणार नाही. ‘स्टेज नाइन’ नावाच्या प्रकल्पात काही हौशी लोकांनी दोन वर्षे खपून एंटरप्राइज-डी चे आतले भाग कॉम्प्युटरवर उभे केले होते, फुकट, कुणीही आत फिरून यावे असे. २०१८ मध्ये हक्क असलेल्या सीबीएस कंपनीची नोटीस आली आणि काम बंद करावे लागले. कायद्याने कंपनी बरोबर असेल. पण ज्या जहाजाची मापे एका चाहतीच्या बापाने जुळवली आणि ज्याला पत्रे लिहून लोकांनी जगवले, त्यावर कष्ट करणाऱ्यांचा कसलाच हक्क नाही, हे मला पटत नाही. मूळ अकरा फुटी मॉडेलचे मालकांनी तरी काय केले होते? १९७४ मध्ये ते स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकले. तिथेही पुढे कित्येक वर्षे ते भेटवस्तूंच्या दुकानात पडून होते. २०१४ नंतर त्याची नीट डागडुजी झाली आणि २०१६ मध्ये ते मुख्य दालनात, खऱ्या विमानांच्या आणि यानांच्या पंगतीत आले.

भाच्याच्या जहाजाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चौघांनी वर्गणी काढून भाड्याने सर्व्हर घेतला होता. परीक्षेच्या धांदलीत एका महिन्याचे पैसे भरायचे राहून गेले. मुदत संपली, आणि ठरलेले दिवस उलटल्यावर सगळे जग पुसले गेले. चार महिन्यांचे काम. कुणाकडेच प्रत नव्हती. आपाचा फोन आला, “दोन दिवस जेवला नाही, तूच बोल त्याच्याशी.” मी त्याला सेट मोडल्याची गोष्ट सांगितली, डावी बाजू अर्धवट असलेल्या मॉडेलची सांगितली. तो ऐकत होता की नाही, कळले नाही.

परवा त्याचा मेसेज आला. त्या शांत मुलाने आपल्या दोनशे खोल्यांचा नकाशा चौकटीच्या वहीत काढून ठेवला होता. रोज किती ठोकळे लावले, तेही तारखेनिशी. वहीच्या पानांचे फोटो सोबत होते. त्यावरून त्यांनी पुन्हा पाचव्या मजल्यापासून सुरुवात केली आहे. या वेळी दर रविवारी प्रत काढायची, ही जबाबदारी त्याच मुलाकडे दिली आहे. आणि खाली एक ओळ होती, “मामू, खुर्चीचं अजून ठरलं नाही.”