शिरोडा–वेळागर किनारा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाकडील अरबी समुद्राचा किनारा. शिरोळ, जयसिंगपूरकडील कुटुंबे आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी या वाटेने इथे येऊ शकतात. वाळूमागे सुरूचे दाट बन आहे. सुरू पाइनसारखा दिसला तरी त्या कुळातला नव्हे. सुईसारख्या दिसतात त्या त्याच्या बारीक हिरव्या काड्या, खरी पाने त्यांवरील इवले खवले. मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन पुरवतात, म्हणून हे झाड नापीक वाळूतही तगते आणि खारा वारा अडवते. त्याच्या सावलीत मात्र दुसरे फारसे उगवत नाही.

गावाची जुनी ओळख मिठागरांची. भरतीचे खाडीचे पाणी बांधांनी अडवून उन्हात आटवतात. १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. लेखक वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. पुढे ते कोल्हापूरला स्थायिक झाले. शेजारच्या आरवलीत वेतोबाचे देऊळ आहे. मुलांसह जाण्यास हिवाळा उत्तम. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये.