नलद, नार्द, जटामांसी

मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत बेथानी गावातला एक प्रसंग आहे. येशूच्या मृत्यूला थोडेच दिवस उरलेले असताना एक स्त्री अतिशय मौल्यवान सुगंधी तेल त्याच्यावर ओतते. मार्कच्या मते मस्तकावर, योहानच्या मते चरणांवर. जमलेल्यांपैकी काहींना ही उधळपट्टी खटकते. हे तेल तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना वाटता आले असते, असा त्यांचा आक्षेप. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा कष्टकऱ्याची जवळजवळ वर्षभराची मिळकत क्षणात ओतली गेली होती. ग्रीक संहितेत या तेलाचे नाव 'नार्दोस' असे आहे. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात तिथे 'जटामांसी' हा शब्द येतो.

मराठी वाचक हा शब्द सहज ओलांडून पुढे जातो. केसांच्या तेलात घालायची जटामांसी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, ती त्याला माहीत असते. परंतु 'नार्दोस' हा शब्द बहुसंख्य भाषाभ्यासकांच्या मते मूळचा आपलाच, संस्कृत 'नलद'. इराणी भाषांच्या मार्गाने तो पश्चिमेकडे गेला, हिब्रूत 'नेर्द' झाला (बायबलमधील 'गीतरत्न' या प्रेमकाव्यात तो आढळतो) आणि ग्रीकमध्ये 'नार्दोस'. म्हणजे 'नलद' म्हणून गेलेला शब्द दोन हजार वर्षांनी 'जटामांसी' होऊन घरी आला. हा केवळ भाषांतरकाराचा अंदाज होता, की त्यामागे काही इतिहास आहे?

अडचण मुळातच आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील एका वशीकरणसूक्तात अंजन, कुष्ठ अशा द्रव्यांबरोबर नलदाचा उल्लेख येतो. पण अमरकोशाला विचारावे तर नलद म्हणजे उशीर, अर्थात आपला वाळा. इतरत्र याच शब्दाचा अर्थ जटामांसी असाही केला जातो. दोन्ही मुळे सुगंधी, दोन्ही केसाळ. मात्र वाळा सखल प्रदेशातले गवत, तर जटामांसी हिमालयात साधारण तीन ते पाच हजार मीटर उंचीवर उगवणारी लहानशी वनस्पती. व्यवहारात जिला आपण तिचे मूळ म्हणतो ते जमिनीखालचे खोड असते. जुन्या पानांच्या तंतूंनी ते वेढलेले असते. आपल्या पूर्वजांना त्यात तापसाच्या जटा दिसल्या. भावप्रकाशात तिला 'भूतजटा', 'जटिला', 'तपस्विनी' ही नावे आहेत. रोमन लोकांना त्याच तंतूंत धान्याचे कणीस दिसले आणि त्यांनी तिला 'स्पिका' म्हटले. अरबीतल्या 'सुंबुल' या नावाचा अर्थही कणीसच. एकाच वस्तूवरची ही दोन रूपके पुढे तिची ओळख पटवण्याच्या कामी आली.

भारतीय परंपरेत जटामांसीची दोन घरे आहेत. एक वैद्यकाचे: चरकसंहितेत 'जटिला' या नावाने ती संज्ञास्थापन, म्हणजे हरपलेली शुद्ध परत आणणाऱ्या द्रव्यांच्या गणात येते. दुसरे गंधशास्त्राचे: वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या अध्यायात 'मांसी' वारंवार भेटते. या दुसऱ्या घराशी मराठीचाही संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ उजेडात आणले. 'गंधवादा'वर जुनी मराठी टीका आहे. संतवाङ्मय आणि बखरी यांच्या पलीकडेही जुन्या मराठीचा एक संसार होता, त्यात सुगंध सिद्ध करण्याचे शास्त्र मराठीत समजावून सांगितले जात होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात क्वचितच नोंदली जाते.

रोमन बाजारातील किमतींवरून शुभवर्तमानातल्या तीनशे दिनारांची शहानिशा करता येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नार्दाच्या कणसाचा भाव पौंडाला शंभर दिनार देतो, पानांचा त्याहून कमी. आणि काही तयार सुगंधी तेले पौंडाला चारशे दिनारांच्याही वर जातात अशी तक्रार करतो. बनावट नार्द ओळखावा कसा, हेही तो सांगतो. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या, दुसऱ्या शतकातील एका पपायरसमध्ये केरळ किनाऱ्यावरील मुझिरिसहून इजिप्तला आलेल्या 'हर्मापोलॉन' जहाजावरच्या मालाचा हिशेब आहे. त्यात 'गंगेकडील नार्दा'च्या साठ पेट्या आहेत, प्रत्येकी ४,५०० द्राख्मा किमतीच्या. हिमालयातले मूळ गंगेच्या मुखापर्यंत, तिथून मलबार आणि मग तांबड्या समुद्रापर्यंत जात होते. हे मूळ दुसऱ्या तेलात मुरवून वा शिजवून त्याचा गंध त्या तेलात उतरवीत. आज जे बाष्पाने ऊर्ध्वपातित केलेले शुद्ध तेल मिळते, ते बेथानीतल्या कुपीत नव्हते.

रोमन साम्राज्यानंतर युरोपात नाव उरले आणि वस्तू धूसर झाली. १७९० साली याच प्रश्नावर दोन ब्रिटिश विद्वान परस्परविरोधी उत्तरे घेऊन उभे राहिले. नौदलात लिंबाच्या रसाचा पुरस्कार करणारे वैद्य गिल्बर्ट ब्लेन यांचे बंधू अवधच्या नवाबाबरोबर शिकारीला गेले असता हत्ती-घोड्यांच्या पायांखाली चिरडलेल्या गवताच्या मुळांतून सुगंध दरवळला. सिकंदराच्या सैन्याच्या पायांखाली नार्द तुडवला जाऊन सुवास पसरल्याचे वर्णन एरियनने केले आहे. ब्लेन यांनी दोन्हींचा मेळ घातला आणि नार्द म्हणजे हेच गवत असा निर्णय दिला. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांची वाट भाषेची होती. ग्रीक नार्द म्हणजे अरबांचा 'सुंबुल-ए-हिंदी', आणि तो दाखवा म्हटल्यावर इथले जाणकार हाती ठेवतात ती जटामांसी, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. तो टिकला.

परंतु याच विजयात एक विचित्र चूक दडलेली आहे. जोन्स यांनी नाव बरोबर ओळखले, पण त्यांच्यासमोर आलेली आणि त्यांनी वर्णिलेली वनस्पती दुसरीच होती. 'व्हॅलेरियाना जटामांसी' हे त्यांनी दिलेले शास्त्रीय नाव आजही चालते, मात्र ते औषधी तगराचे आहे (बागेतली पांढऱ्या फुलांची तगर ती वेगळी). खऱ्या जटामांसीचे वर्णन पुढे डेव्हिड डॉन यांनी केले आणि १८३० साली द कांदोल यांनी तिच्यासाठी 'नार्दोस्टॅकिस' हे कुलनाम योजले: नार्द अधिक कणीस. 'नार्दोस्टॅकिस जटामांसी' या जोडनावात संस्कृतातून ग्रीकमध्ये गेलेला शब्द आणि संस्कृतातच राहिलेला शब्द शेजारी बसले आहेत. भाषेने लावलेला शोध वनस्पतिशास्त्राला पुन्हा तपासून घ्यावा लागला, हे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोश शब्दापर्यंत नेतो. वस्तूपर्यंतचे अंतर तरीही उरतेच.

आज हे अंतर बाजारपेठ भरून काढते. फ्रेंच रसायनज्ञ गातफोसे यांच्या १९३७च्या पुस्तकाने 'अरोमाथेरपी' या संज्ञेला प्रतिष्ठा दिली, आणि पुढे या उपचारपद्धतीत जटामांसीचे तेल झोपेसाठी, चित्त शांत होण्यासाठी हुंगायचे किंवा साध्या तेलात मिसळून चोळायचे द्रव्य म्हणून आले. प्राण्यांवरील प्रयोगांत तिचे शामक गुण दिसले आहेत. माणसांबाबतचा पुरावा तोकडा आहे. परंतु विक्री होते ती बव्हंशी कथेची. 'बायबलमधले तेल' हे शब्द बाटलीला जी किंमत देतात ती कोणतेही संज्ञास्थापन देत नाही. शंभर किलो वाळल्या मुळांतून जेमतेम एक-दोन किलो तेल निघते. मूळच काढायचे असल्याने झाड मरते, आणि त्या उंचीवर नवे वाढायला वर्षे लागतात. नेपाळमधील कर्णालीच्या डोंगराळ भागातील गरीब कुटुंबांना मात्र ते खणण्यातून मिळणारे रोख पैसे सोडणे परवडत नाही. १९९७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आले; आययूसीएनच्या यादीत तिची गणना 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

मराठी भाषांतरकाराचा शब्द बरोबर होता, असेच म्हणावे लागेल. आणि त्या भोजनप्रसंगी विचारला गेलेला प्रश्न, इतक्या मोलाचे हे तेल नक्की कोणाच्या वाट्याचे, तो अजून शिळा झालेला नाही. फरक इतकाच, की तेव्हा कुपी रिकामी झाली तरी डोंगरावर मुळे शिल्लक होती.