पोळ्याचा पाहुणा

आमच्या आजीचा ट्रॅक्टरवरचा पहिला आक्षेप शेणाचा होता. "बैल खातो तसं देतोबी. ह्यो नुसता पितोय," असं ती म्हणे. सारवायचं कशानं, गवऱ्या थापायच्या कशाच्या, उकिरड्यात काय टाकायचं? अण्णांकडे याचं उत्तर नव्हतं. (अण्णा म्हणजे आजोबा. पुढे माझ्या वडलांनाही सगळे अण्णाच म्हणू लागले, त्यामुळे आमच्याकडच्या गोष्टी ऐकताना पाहुण्यांचा घोळ होतो.)

गाव प्रवरेकाठचं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, कालव्यामागून ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली तो सुरू झाला. त्याच्या शेअरपायी आजीच्या पाटल्या गेल्या, असं मी लहानपणापासून ऐकलंय. धाकटी आत्या म्हणते, पाटल्या नव्हे, पुतळ्यांची माळ. काहीतरी गेलं खरं, कारण तो विषय निघाला की आजी चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करायची.

ट्रॅक्टर नंतरचा. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ साली नवी कंपनी काढली आणि मुंबईला कांदिवलीत लाल रंगाचा बी-२७५ तयार होऊ लागला. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, पुढचे आठ गिअर, मागचे दोन. त्याचं मूळ घर इंग्लंडात, ब्रॅडफर्डला. तिथला जोवेट मोटारींचा कारखाना १९५४ साली इंटरनॅशनलनं विकत घेतला होता, म्हणजे जिथं ऐटबाज मोटारी बनायच्या तिथंच पुढे नांगर ओढणारं हे धूड जन्माला आलं. अण्णांना यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. त्यांना ठाऊक होता नंबर. त्या काळी ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वाट बघत बसावं लागे. भूविकास बँकेचं कर्ज मंजूर झालं आणि ट्रॅक्टर दारात आला, तेव्हा आजीनं ओवाळलं, पण तोंड फिरवून. हे आत्याचं म्हणणं. ती तेव्हा परकरात होती, तेव्हा ऐकताना थोडं मीठ तिचंही धरावं.

आजीचं मन वळलं ते बहात्तरच्या दुष्काळात. लोक खडी फोडायला गेले. रेशनवर तांबडा मिलो आला. त्याच्या भाकरीला ना वास ना चव. कडबा संपला तेव्हा बैलजोडी छावणीला पाठवावी लागली. बैल निघाले त्या दिवशी आजी जेवली नाही. ट्रॅक्टर मात्र लिंबाखाली निवांत उभा होता, वैरण नाही, पाणी नाही. "उपाशी राहूनबी मरत नाय, येवढं मातुर बरंय," एवढं ती बोलली. पुढच्या पोळ्याला तिनं बैलाची घागरमाळ रेडिएटरला बांधली आणि बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. तो कावळ्यानं नेला की चुलत्यानं, यावर अजून दोन मतं आहेत.

नवे ट्रॅक्टर आले तसा हा गोठ्यात गेला. सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. इंजिन जाम झालं. थोरले चुलते, आमचे दादा, शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच्या मागे लागले. नोझल काढून त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल सोडलं आणि मुरू दिलं. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक दोघांनी पुढेमागे हलवायचं, रोज थोडं. धक्का मारायचा नाही, हिसका द्यायचा नाही. पिस्टन सुटला तेव्हा दादांनी सगळ्या वाड्याला चहा पाजला. हेड उतरवून व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, रिंगा बदलल्या. काही सामान पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. हे मॉडेल आपल्याकडे पुढे बरीच वर्षं बनत राहिलं, म्हणून गॅस्केट तरी अजून मिळतं. लाल रंग मात्र हवा तसा मिळेना. दुकानदारानं डब्यामागून डबे उघडले आणि दादा मान हलवत राहिले. शेवटी लावला तो आत्याला अजून पसंत नाही.

सांभाळायला म्हणाल तर फार लागत नाही, नेमानं लागतं. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बदलायचं, कारण उसाच्या पाचटाची धूळ तिथंच बसते. थंडीत हीटर तापेपर्यंत दम धरायचा. आणि डिझेल संपू द्यायचं नाही. संपलंच, तर लाइनमधली हवा काढायची. फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू पंप चालू असतानाच आवळायचा. माझी पुतणी हे आता दादांपेक्षा चटकन करते, आणि दादा बाजूला उभे राहून तरीही सांगत राहतात.

परवा शेजारच्या गावाहून एक मुलगा आला. त्याच्या आजोबांचा जुना झेटर गोठ्यात जाम होऊन पडलाय. फोनमधला फोटो दादांनी चष्मा कपाळावर सारून बघितला आणि विचारलं, "सेल्फ मारला का रे?"

मारला होता.

"आता मारू नको," दादा म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.