खाणीतली कॅनरी आणि छतावरची डबी

दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत २७ जानेवारी १८९६ रोजी स्फोट झाला. त्यात ५७ कामगार दगावले. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी मृतदेहांची तपासणी केली, तेव्हा असे दिसून आले की बहुतेक कामगार स्फोटाच्या तडाख्याने मेलेच नव्हते. स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडने त्यांचा बळी घेतला होता.

या वायूला रंग नाही, वास नाही, चवही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी मात्र तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. मग ऑक्सिजन वाहून नेण्यास जागाच उरत नाही. हाल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः श्वासावाटे घेऊन त्याचे परिणाम नोंदवले होते. त्याच वायूत ठेवलेला उंदीर माणसाच्या कितीतरी आधी कोसळतो, हेही त्यांनी पाहिले होते. लहान प्राण्याचा श्वसनाचा आणि चयापचयाचा वेग जास्त असतो, म्हणून विषाचा परिणामही त्याच्यावर लवकर दिसतो. यातूनच खाणीत छोटे प्राणी नेण्याची कल्पना पुढे आली. १९११ पासून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा आला. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनची छोटी नळकांडीही असे. पक्षी कोलमडला की दार लावून ऑक्सिजन सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचे! १९८६ मध्ये ब्रिटनने या पक्ष्यांना निवृत्त करून इलेक्ट्रॉनिक सूचक आणण्याचा निर्णय जाहीर केला.

दरम्यान धूर ओळखणारे उपकरणही तयार झाले होते. १९३० नंतरच्या दशकात स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखण्याचे साधन शोधत होते. त्या वायूने काही घडले नाही, पण सिगारेटच्या धुराने त्यांच्या उपकरणातील विद्युतप्रवाह बदलला, असे सांगतात. १९६५ साली अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल यांनी बॅटरीवर चालणारे घरगुती धूरसूचक बनवले. यातील अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणारे अल्फा कण हवेचे आयनीभवन करतात आणि दोन पट्ट्यांमधून सूक्ष्म प्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. कार्बन मोनॉक्साईड मात्र या उपकरणाला कळत नाही. त्यासाठीच्या वेगळ्या सूचकात बहुधा विद्युत-रासायनिक घट असतो. वायूचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून प्रवाह निर्माण होतो.

आता कॅनरी आणि ही डबी यांची तुलना करू. कॅनरी किलबिलत होती, दांडीवर उड्या मारत होती, तोवर खाणकामगाराला दोन गोष्टी कळत : हवा ठीक आहे आणि 'उपकरण' जिवंत आहे. छतावरच्या डबीची शांतता मात्र फसवी असते. धूर नाही म्हणून ती गप्प आहे की बॅटरी संपली म्हणून, हे खालून पाहून कळत नाही.

म्हणून या उपकरणांना देखभाल लागते. दर महिन्याला चाचणीचे बटण दाबायचे, साठलेली धूळ काढायची, बॅटरी उतरल्याची 'चिक् चिक्' ऐकू आली की ती लगेच बदलायची. फोडणी दिली की भोंगा वाजतो, हा अनुभव परदेशातील अनेक मराठी घरांत नवा नाही. पण वैतागून बॅटरीच काढून ठेवली, तर पहारेकऱ्यालाच झोपवल्यासारखे होते.

एवढे करूनही उपकरण बदलावेच लागते. अमेरिशियमचा अर्धायुकाल सुमारे ४३२ वर्षे आहे, तरी उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी धूरसूचक बदलावा, अशी अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकांची शिफारस आहे. कारण मूलद्रव्य टिकले तरी भोवतालचे इलेक्ट्रॉनिक भाग जुने होतात, कप्प्यात धूळ आणि कीटक शिरतात. वायुसूचकातील घट तर साधारण ५ ते १० वर्षांत निकामी होतो. अनेक वायुसूचकांत चाचणीचे बटण भोंगा, बॅटरी आणि मंडल तपासते, घट वायू ओळखतो की नाही हे तपासत नाही. म्हणून पाठीमागे छापलेली तारीख वाचणे महत्त्वाचे.

आपल्याकडे असे सूचक अजून थोड्याच घरांत दिसतात. धोका मात्र ओळखीचा आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर किंवा थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी यांतून हाच वायू निघतो. तेथे हवा खेळती ठेवणे हा पहिला उपाय. सूचक त्याची जागा घेऊ शकत नाही.

वर्गात हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांना शाळेतील अग्निशामक नळकांड्यापाशी न्यावे. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पुन्हा भरण्याची तारीख उलटली आहे का, हे त्यांनाच पाहू द्यावे. भिंतीवरचे तेही साधन एरवी गप्पच असते.