चुन्याखालची चित्रे

दिवाळीपूर्वी भिंतींना चुन्याचा हात द्यायचा, ही आपली जुनी रीत. चुना झाकतो तसा राखतोही, हे मला कळले ते मात्र दूरदेशी.

इंग्लंडात मुलाकडे गेलो असता पीटरबरो शहराच्या कडेचा लाँगथॉर्पचा मनोरा पाहिला. एका गढीवजा वाड्याला जोडून सुमारे सातशे वर्षांपूर्वी बांधलेला हा चौकोनी, तीन मजली दगडी मनोरा. वाड्याचा धनी रॉबर्ट थॉर्प हा पीटरबरोच्या ख्रिस्ती मठाचा कारभारी होता. वरच्या दालनातल्या भिंती १३३० च्या सुमारास तांबड्या-पिवळ्या रंगांत रंगवल्या गेल्या. चित्रकाराचे नाव मागे राहिलेले नाही.

ख्रिस्तजन्म आहे, पाळण्यातल्या बाळापासून कुबड्यांवरच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसाच्या सात अवस्था आहेत. एका भिंतीवर पंचेंद्रियांचे चक्र आहे. कोळी स्पर्शाचा, रानडुक्कर श्रवणाचे, कोंबडा दृष्टीचा, माकड चवीचे, गिधाड वासाचे प्रतीक. चक्रामागे मुकुटधारी राजा उभा आहे. तो विवेक, असे अभ्यासक मानतात. कठोपनिषदातले इंद्रियांचे घोडे आणि बुद्धीचा सारथी मला तिथे आठवल्यावाचून राहिले नाहीत. दुसरीकडे तीन जिवंतांची गाठ तीन प्रेतांशी पडली आहे. हे चित्र काढल्यावर सुमारे दोन दशकांतच, १३४८ मध्ये, इंग्लंडात प्लेगची महामारी आली.

पुढे या साऱ्यावर चुन्याचे थर चढले आणि चित्रे विस्मरणात गेली. दुसऱ्या महायुद्धात गृहरक्षक दलाने मनोरा वापरला. त्यानंतर तिथे राहणारा शेतकरी भिंत खरवडत असता त्याला रंग दिसला. त्याने हात थांबवला. मग क्लाइव्ह राऊज या जाणकाराने हलक्या हाताने थर उतरवले आणि सहाशे वर्षांपूर्वीचे दालन पुन्हा उजेडात आले.

मला आमच्या गावचा वाडा आठवला. माजघराला ऑइलपेंट द्यायचा म्हणून जुना गिलावा खरवडणे चालू होते. गवंडी थांबून म्हणाला, "इल्ली बण्ण ऐती री." निळसर रेघ होती खरी. "असेल जुना रंग, चालू दे," मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत भिंत कोरी झाली.

तिथे काय होते, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. वाचकहो, यंदा जुन्या भिंतीला हात लावाल, तेव्हा पोपड्याखाली रंग दिसला तर क्षणभर थांबा. आमच्या गवंड्याला थांबावेसे वाटले होते. मला वाटले नाही.