कॉफीहाऊसमधला खून आणि महाडचं पाणी

समजा, पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला विचारलं, "लोकांना एखाद्या प्रकारच्या कादंबऱ्या का आवडतात, यावर इतिहासाचं संशोधन होऊ शकतं का?" तर काय सांगाल? बरेच जण म्हणतील, आवड हा मानसशास्त्राचा विषय. प्रश्नावली काढा, शंभर जणांकडून भरून घ्या, टक्केवारी मांडा. मी विज्ञान शाखेतून आले, त्यामुळे माझाही हात आधी मोजपट्टीकडेच जातो. पण आवडीलाही इतिहास असतो. तो कसा शोधायचा, हे आज एका हलक्याफुलक्या उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे कॉफीहाऊसमध्ये घडणाऱ्या 'कोझी' रहस्यकथांचं. सुरुवात न्यूयॉर्कमध्ये होईल, पण वाट महाडवरून जाईल.

आधी प्रकार समजून घेऊ

कोझी म्हणजे उबदार, ऊबेला बसल्यासारखं. या कथांमध्ये खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. शोध घेणारी व्यक्ती सहसा पोलीस नसते. जागा लहान असते आणि माणसं एकमेकांना ओळखणारी असतात. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि सगळं पुन्हा सुरळीत होतं. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल हा या प्रकाराचा पाया म्हणायला हरकत नाही. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी ही म्हातारी विणकाम करता करता अख्ख्या गावाचं निरीक्षण करते.

याच प्रकाराची एक शाखा कॉफीच्या दुकानात वाढली. क्लिओ कॉइल या टोपणनावाने एक नवरा-बायको मिळून लिहितात. त्यांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक २००३ साली आलं. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं एक जुनं कॉफीहाऊस आणि ते चालवणारी क्लेअर कोझी ही त्याची नायिका. जपानमध्ये ताकुमा ओकाझाकी यांची क्योटोमधल्या कॉफीच्या दुकानाभोवती फिरणारी मालिका २०१२ पासून सुरू झाली. तिथे कॉफी बनवणारी मुलगीच कोडी सोडवते.

हे का आवडतं? कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ साली रहस्यकथांवर एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एक बंदिस्त, वरवर निष्पाप समाज असतो. खून झाला की सगळ्यांवरच संशयाची सावली पडते. खरा दोषी सापडला की बाकीचे मोकळे होतात. वाचकाला हवी असते ती ही मोकळीक. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे पटकन कळेल. ही बंद प्रणाली आहे. बाहेरून काही आत येत नाही, संशयितांची यादी मर्यादित असते, म्हणून उत्तर मिळणार याची खात्री असते.

मग कॉफीहाऊसच कशाला?

इथे एक अडचण येते. कॉफीहाऊस ही बंद प्रणाली नाही. त्याचं दार रस्त्यावर उघडतं. बँकेतला साहेब, विद्यार्थी, सामान पोचवणारा पोरगा, एकटी राहणारी बाई, सगळेच येतात. तरी रोजची गिऱ्हाईकं ठरलेली असतात. कोण बिनसाखरेची घेतं, कोण खिडकीपाशी बसतं, हे चालवणाऱ्याला पाठ असतं. एक दिवस खिडकीवाला आतल्या कोपऱ्यात बसला, की तोच धागा. दार उघडं आणि तरी माणसं ओळखीची, हा दुहेरी गुण खेड्यात मिळत नाही.

पण हे सगळं एका गृहीतकावर उभं आहे: दारातून कुणीही आत येऊ शकतं, बसू शकतं, बोलू शकतं, आणि कुणी त्याला विचारत नाही की तू कोण. वाचताना आपल्याला हे गृहीतक दिसतही नाही, कारण लेखकाने ते सांगायची गरजच ठेवलेली नसते. संशोधन सुरू करायला अशी न सांगितलेली जागा सगळ्यात चांगली.

खुर्चीचा इतिहास

सतराव्या शतकात लंडनमध्ये कॉफीहाऊसं निघाली. एका पेनीत कॉफी मिळायची आणि गप्पा ऐकायला मिळायच्या, म्हणून त्यांना 'पेनी विद्यापीठ' म्हणत. पण गिऱ्हाईक म्हणून बसणारे जवळपास सगळे पुरुष. बाईला बाहेर एकटीने बसून काही खाण्यापिण्याची सोय व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८६४ साली एरेटेड ब्रेड कंपनीने लंडनमध्ये आपलं पहिलं चहाचं दुकान काढलं. अशा दुकानांत बाई एकटी बसली तरी कुणी वावगं मानत नसे.

आता १९०१ साल बघा. बॅरोनेस ऑर्झीची एक कथामालिका मासिकात सुरू झाली. त्याच कंपनीच्या चहाच्या दुकानात एक म्हातारा कोपऱ्यात बसून दोरीच्या गाठी मारत असतो आणि जागचा न उठता खुनांची कोडी सोडवतो. ऐकणारी आहे एक तरुण बाई, पत्रकार. अनोळखी म्हातारा आणि एकटी बाई एकाच टेबलावर! पन्नास वर्षं आधी हे दृश्य लंडनच्या वाचकाला खोटं वाटलं असतं. म्हणजे कथेचा सांगाडा त्या टेबलावर उभा आहे, आणि ते टेबल आधी कुणीतरी समाजात मांडावं लागलं.

आता आपल्या मातीत

हाच प्रश्न आमच्या भागात विचारून बघू. आमचं कुडपण पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. पावसाळ्यात भीमाची काठी धबधबा बघायला येणाऱ्यांना नाव माहीत असेल. अशा गावात मिस मार्पलला लागणारं सगळं आहे. कोण कुणाचा चुलता, कुणाचा मुलगा मुंबईहून आला, कुणाच्या बांधावरून वाद आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक. पण शंभर वर्षांपूर्वीच्या महाड-पोलादपुरात एक गोष्ट नव्हती: सगळ्यांनी एकत्र बसावं असं टेबल. चहा म्हणजे शेवटी पाणीच, आणि भांडण पाण्याचंच होतं.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडलं. प्रत्यक्षात मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा तिच्यासाठी ४० रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. २० मार्चला डॉ. आंबेडकरांच्या मागे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

पुढे काय झालं ते रहस्यकथेच्या अभ्यासकाने नीट बघावं. गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. अफवेमागोमाग मारहाण झाली. कोझी कथेत गावगप्पा सत्याकडे नेतात. म्हातारी चार घरचं ऐकते आणि खरं काय ते हुडकते. महाडमध्ये गावगप्पांनी डोकी फोडली. फरक कशाचा? कोझी कथेत गप्पांमध्ये सगळे सामील असतात, प्रत्येकाला उलट विचारता येतं, आणि ज्याच्यावर संशय त्याचंही ऐकलं जातं. महाडमध्ये ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं, त्यांना त्या बोलण्यात जागाच नव्हती.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. तळं न वापरू देण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असा सवर्णांचा दावा. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी रूढी पुराव्याने सिद्ध झालेली नाही. गावाने जे 'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून सांगितलं, ते तपासात टिकलं नाही. सगळे साक्षीदार एका जागी बसून बोलतील असं ठिकाण गावात नव्हतं, म्हणून त्याला दहा वर्षं आणि कोर्ट लागलं.

मराठी रहस्यकथा कुठे बसली?

मराठीत रहस्यकथा कमी नाहीत. गो. ना. दातारशास्त्री, नाथमाधव यांच्यापासून वाट सुरू होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही तेवढीच मजल मारली. वाचनालयांतून ती भाड्याने फिरायची. मुंबईत बसायला जागाही होती. धोबीतलावचं कयानी १९०४ चं. इराण्याकडे एका कपावर कुणीही टेकायचा. १९३६ मध्ये चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊसही निघालं. आमच्या तालुक्यातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला गावात न मिळणारी गोष्ट तिथे मिळत होती: ओळख न सांगता बसायला खुर्ची.

तरी आपले गाजलेले नायक टेबलाशी बसले नाहीत. झुंजार, काळापहाड ही नावंच बघा. चहा पीत कोपऱ्यात ऐकत बसणाऱ्या माणसाची ही नावं नव्हेत.

माझं गृहीतक असं: जिथे सगळ्यांनी एकत्र बसणं हीच नवी आणि नाजूक गोष्ट होती, तिथे लेखकाला ते टेबल 'असतंच' म्हणून धरून चालता आलं नाही. मग सत्य बसून ऐकण्यापेक्षा धावून पकडणं सोपं गेलं.

लगेच टाळ्या वाजवू नका. दुसरी स्पष्टीकरणंही आहेत. भाड्याच्या पुस्तकाला वेग लागतो. दातारशास्त्रींसमोर नमुना होता तो रेनॉल्ड्सच्या सनसनाटी कादंबऱ्यांचा, मिस मार्पलचा नव्हे. ही कारणं पुरेशी असतील, तर माझं गृहीतक पडेल.

तपासायचं कसं?

समजा, अर्नाळकरांची तीस पुस्तकं चिठ्ठ्या टाकून निवडली. प्रत्येकात महत्त्वाचा धागा नायकाला कुठे मिळतो, याची नोंद करा: घर, रस्ता, पोलीस ठाणं, हॉटेल. तिथे कोण कोण हजर आहे, अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात का, बाई एकटी बसलेली आहे का, हेही टिपा. मग त्याच काळातली तीस इंग्रजी पुस्तकं घेऊन तेच करा. कारण नुसता वेग असेल, तर वेगवान इंग्रजी कथांमध्येही टेबल कमीच दिसेल. तिथे ते दिसलं आणि इथे नाही, तर माझ्या गृहीतकाला थोडा आधार मिळेल. एवढं काम एका एम.ए.च्या प्रबंधात बसतं.

म्हणजे आपण 'का आवडतं?' पासून निघालो आणि 'कुणाला बसता येत होतं?' पर्यंत आलो. पहिल्या प्रश्नाला शंभर मतं मिळतील. दुसऱ्याला ठराव, निकाल, वर्तमानपत्रं, हॉटेलांचे परवाने असा पुरावा मिळू शकतो. आपला विषय निवडताना हे करून बघा: तुम्हाला आवडणाऱ्या गोष्टीत न सांगता काय धरून चाललंय, ते एका वाक्यात लिहा, आणि ते केव्हापासून खरं झालं, कुणासाठी झालं, हे शोधा.

कॉफीहाऊसमधल्या गोष्टी मलाही आवडतात. पोलादपूरच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना टपरीच्या बाकड्यावर बसून मी त्या वाचते. बाकड्यावर एकटी बसलेली बाई आमच्याकडे अजून फार दिसत नाही, हीसुद्धा एक नोंदच आहे.