जू, आकडा आणि किंग पिन : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील वाहनजोडाचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास बहुधा कारखान्यांच्या सनावळीने सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात आकुर्डी आणि चिंचवड येथे वाहनांचे मोठे कारखाने आले आणि २००९ साली चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे उत्पादन सुरू झाले. या सनावळीत इंजिने आणि गाड्या यांची भरपूर नोंद आहे, परंतु ओढणारे आणि ओढले जाणारे यांच्यामध्ये जो जोड असतो त्याची नोंद शोधूनही सापडत नाही. वास्तविक या पट्ट्यातील मालवाहतूक बैलाची असो, रेल्वेची असो की ट्रेलरची, तिचा सगळा ताण त्या एका जागी येतो आणि तो जोड किती वर्षे टिकेल हे त्याच्या घडणीइतकेच तो उघडून पाहण्याच्या सवयीवर ठरत आलेले आहे.

खेड, मावळ आणि हवेली तालुक्यांतील बैलगाडीचा जोड बाभळीच्या किंवा तत्सम चिवट लाकडाचा असे. गाडीच्या पुढे आलेल्या दांडीच्या टोकावर आडवे जू दोरखंडाने आवळलेले असे, जुवाच्या भोकांतून खाली उतरणाऱ्या खुंट्या, म्हणजे शिवळा, बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना येत आणि गळ्याखालून घेतलेल्या जुंपणीने ती मान जुवाखाली स्थिर राही. या रचनेत दोन गोष्टी विशेष होत्या. पहिली अशी की जुवापेक्षा शिवळ हलकी व स्वस्त असल्याने जास्तीचा हिसका बसला तर आधी शिवळ मोडे आणि जू वाचे. दुसरी अशी की जोड रोज संध्याकाळी सुटत असे, त्यामुळे तडकलेली शिवळ, झिजलेले भोक किंवा विरलेला दोर दुसऱ्या दिवशी जुंपताना हाताखालून जाई. कण्याला घालायचे वंगण गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यात असे, आणि औतकाठीची दुरुस्ती गावच्या सुतार-लोहाराकडे बलुत्यावर, म्हणजे सुगीला दिल्या जाणाऱ्या वार्षिक धान्याच्या मोबदल्यात होत असे. नव्या गाडीचे पैसे वेगळे मोजावे लागत, परंतु चालू दुरुस्तीला दर खेपेस खिशात हात घालावा लागत नसल्याने ती लांबणीवर टाकण्याचे कारण उरत नसे. आजच्या वार्षिक देखभाल कराराचे जे मर्म सांगितले जाते ते या व्यवस्थेत होतेच, मात्र तिच्या जोडीला जातीने बांधलेले श्रमही होते हे विसरता येणार नाही.

जोडाचे दुसरे टोक जिवंत होते, आणि त्याची देखभाल रूढीत बसवलेली होती. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात अनेक गावांत पोळा भाद्रपदात येतो. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, म्हणजे जुवाने वर्षभर घासलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळले जातात. हा सण कृतज्ञतेचा म्हणून वर्णिला जातो आणि तो तसा आहेही, परंतु ज्या जागी ओझे टेकते त्या जागेची वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी तपासणी, हा त्याचा व्यवहारी अर्थही तितकाच खरा आहे. याच पट्ट्यातील आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीचा रथ बैलजोडी ओढते, आणि पुढे दिवे घाटाच्या चढणीवर त्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या जातात. चढावर एकाच जुवावर सगळा भार टाकायचा नाही हे शहाणपण ज्यांनी पाळले त्यांना बलविज्ञानाची सूत्रे शिकावी लागली नव्हती.

नेमका तोच प्रश्न बोरघाटात रेल्वेला सोडवावा लागला. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाल्याने मुंबई-पुणे वाहतूक लमाणी बैलांच्या पाठीवरून चाकांवर आली होती. पुढे १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग चिंचवडवरून धावू लागला आणि १८६३ साली घाटाचा चढ पूर्ण झाल्यावर तो मुंबईला अखंड जोडला गेला. डब्यांमधील जोड तेव्हा आकडा आणि आट्यांचा दुवा या प्रकारचा होता. एका डब्याचा आकडा दुसऱ्याच्या दुव्यात अडकवून मधला आटा फिरवला की डबे जवळ येत आणि दोन्ही बाजूंचे धक्के झेलणारे बफर एकमेकांना टेकत, म्हणजे ओढ मधल्या साखळीवर आणि दाब बाजूच्या बफरांवर अशी कामाची वाटणी होती. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. अशा चढावर सगळी गाडी पुढच्या इंजिनाने ओढायची तर पहिल्या डब्याच्या जोडावर मागच्या सर्व डब्यांची ओढ एकवटते. म्हणून गाडीच्या मागे साहाय्यक इंजिने लावून तिला ढकलण्याची पद्धत पडली, आणि ‘बँकर’ नावाने ओळखली जाणारी ही इंजिने आजही कर्जत ते लोणावळा या टप्प्यात गाड्यांच्या मागे दिसतात. जोड जाड करण्याला मर्यादा असते, तेव्हा त्याच्यावर येणारा भारच वाटून घेणे हा उपाय उरतो.

रस्त्यावरील जोडाचा आधुनिक इतिहास मात्र बराच विस्कळीत आहे. चिंचवडच्या टेल्को कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन १९७७ साली बाहेर पडले, परंतु पट्ट्याच्या परिघावरील शेतीत ओढजोडाचा अनुभव ट्रॅक्टर आणि ट्रॉलीने दिला. ट्रॅक्टरच्या मागची पट्टी, ट्रॉलीच्या दांडीचे भोक आणि दोहोंतून खाली सोडलेली लोखंडी पिन एवढाच हा जोड आहे. कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे जाताना दिसतात. अशा दांडीचे भोक जवळून पाहिले तर ते गोल राहिलेले नसते. ओढीच्या दिशेने ते लांबट झालेले असते, कडा आतून चकचकीत आणि बाहेरून दुमडलेल्या असतात, आणि पिन वर उसळू नये म्हणून लावायच्या खटक्याच्या जागी बहुधा तार पिळलेली असते. भोक आणि पिन यांच्यात अंतर पडले की संथ ओढीचे रूपांतर ठोक्यांत होते, दर गिअर बदलताना आणि दर ब्रेकला ट्रॉली पुढे-मागे आपटते, आणि त्या आपटण्याने अंतर आणखी वाढते. झीज अशी स्वतःच्या वेगाने नव्हे, तर आधीच्या झिजेच्या वेगाने वाढत असल्याने पहिला मिलिमीटर जितके महिने घेतो तितके दुसरा घेत नाही.

१९८९ हे वर्ष या कथेत निर्णायक ठरले. त्या वर्षी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि १९८८ चा मोटार वाहन कायदाही अंमलात आला. या कायद्याने ‘ट्रेलर’ आणि ‘सेमी-ट्रेलर’ यांच्यात फरक केला आहे : पहिला मोटार वाहनाच्या मागे ओढला जातो, तर दुसऱ्याचा एक भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि त्याच्या वजनाचा हिस्सा ते वाहन उचलते. बंदराकडे जाणारे कंटेनर आणि चाकणहून निघणाऱ्या मोटारींचे वाहक दुसऱ्या प्रकारात मोडतात. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर ही वाहतूक घाटात रात्रंदिवस वाढली. यातील ओढणाऱ्या भागाला चालक-मालक ‘घोडा’ म्हणतात. त्याच्या पाठीवर फिफ्थ व्हील, म्हणजे मागे निमुळती खाच असलेली जाड लोखंडी थाळी असते, आणि ट्रेलरच्या पोटाखाली किंग पिन, म्हणजे मधे कंबर असलेला ठेंगणा पोलादी खुंट असतो. घोडा मागे घेतला की खुंट खाचेतून आत सरकतो, जबडा त्याच्या कमरेभोवती मिटतो आणि बाजूचा दांडा आत जातो. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा किंचित पुढे ओढून पाहायचा, आणि खाली उतरून बॅटरीच्या उजेडात जबडा खरोखर मिटला आहे व थाळी आणि ट्रेलर यांच्यात फट नाही याची खात्री करायची, हा क्रम आहे. खुंट जबड्याच्या वर राहूनही दांडा आत गेल्यासारखा वाटू शकतो, म्हणून डोळ्यांनी पाहणे टाळून चालत नाही.

या खुंटाची प्रचलित मापे दोन इंची आणि साडेतीन इंची अशी आहेत. दोन इंची खुंटाची कंबर नवी असताना ५०.८ मिलिमीटर असते आणि झिजून ४९ वर आली की तो बदलावा असा उत्पादकांचा दंडक आहे, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचा भरवसा जेमतेम पावणेदोन मिलिमीटरांवर उभा असतो. झिजलेल्या खुंटावर वेल्डिंगचा थर चढवून तो पुन्हा खरादून घेणे निषिद्ध मानले जाते, कारण उष्णतेने पोलादाची कमावलेली कठिणता जाते आणि आत सूक्ष्म तडे पडतात. ही झीज रोखणारी वस्तू साधे ग्रीस आहे. परंतु चाकण-तळेगाव मार्गावरील धूळ त्या ग्रीसमध्ये मिसळली की तोच लेप घासण्याच्या लुगदीसारखा काम करतो, त्यामुळे जुन्यावर नवे ग्रीस थापणे म्हणजे देखभाल होत नाही. घोडा सोडवून थाळी खरवडून, धुऊन, जबडा व खुंट मापून मगच नवे ग्रीस भरावे लागते.

येथेच या पट्ट्याची खरी अडचण दिसते. भारतात घोडा आणि ट्रेलर बहुधा एकाच मालकाचे असतात आणि महिनोन्‌महिने एकमेकांना जोडलेलेच राहतात. जे जू रोज सुटत होते त्याची झीज रोज दिसत होती. रेल्वेच्या जोडाला तपासनीसांचे वेगळे खातेच आहे. कंटेनरच्या ट्रेलरचा खुंट मात्र थाळीखाली दडलेला असतो आणि त्याला पाहण्यासाठी एक फेरी बुडवावी लागते. अपघात झाल्यावर चालकाला बोल लावला जातो, पण फेरीचे वेळापत्रक ठरवणाऱ्याने तपासणीचा दिवस त्यात धरला होता का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि तो विचारला जायला हवा.

दुरुस्तीचे ज्ञान या पट्ट्यात नव्हते असे मात्र नाही. भोसरीच्या लहान वर्कशॉपांत खरादावर पिना आणि बुश काढणारे टर्नर साध्या ‘एमएस’च्या आणि ‘ईएन १९’च्या बारमधला फरक छिलक्यावरून आणि हत्याराच्या आवाजावरून ओळखतात. ‘ईएन ८’, ‘ईएन १९’, ‘ईएन २४’ ही ब्रिटिश मानकांतून आलेली पोलादांची नावे मूळ देशात कागदोपत्री जुनी झाली तरी येथील बोलण्यात घट्ट रुजली आहेत. पिन कठीण आणि बुश मऊ ठेवायचा, म्हणजे झिजायचे ते बुशने आणि बदलायचे तेही बुशच, हे तत्त्व शिवळ आणि जू यांच्या नात्यापासून फार दूरचे नाही. गिऱ्हाईक स्वस्त पिन मागते तेव्हा हा क्रम उलटतो आणि महागडी दांडी झिजू लागते.

मानकांची बाजू पुण्याने उशिरा का होईना, सांभाळली. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि १९६७ ची भोसरीतील केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था या दोन्ही या वाहनविश्वाच्या कुशीतल्या आहेत. जड ट्रेलरांच्या मान्यतेसाठी पुढे ‘एआयएस ११३’ ही संहिता आली आणि गावोगावच्या शेडमध्ये सवयीने बांधल्या जाणाऱ्या ट्रेलरांना तपासणीच्या चौकटीत आणण्याचा मार्ग निघाला. जोडाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याच्यावर उलटसुलट भार वीस लाख वेळा दिला जातो, कारण पोलाद एका मोठ्या ओढीने क्वचित तुटते, लहान ओढींच्या असंख्य आवर्तनांनी मात्र थकून तडकते. हे सारे नव्या जोडाला लागू पडते. २०१८ साली केंद्राने अक्षभाराची मर्यादा वाढवून जोडवाहनाचे कमाल एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर नेले, तेव्हा रस्त्यावर आधीच झिजलेल्या खुंटांना मात्र कोणी पुन्हा चाचणीला बसवले नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात मोटारीमागे ओढायच्या निवासी ट्रेलरांनाही स्थान मिळाले, त्यामुळे जोडाचा आणखी एक प्रकार या प्रदेशात ओळखीचा होऊ लागला. मोटारीच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा आणि ट्रेलरच्या टोकाला त्यावर बसणारी वाटी अशी त्याची रचना असते आणि गोळा ४९ मिलिमीटरांपर्यंत झिजला की तो बाद समजतात. सतत धावणाऱ्या कंटेनरच्या खुंटाला घर्षणाचा त्रास असतो, तर वर्षातून मोजक्या वेळा निघणाऱ्या या ट्रेलरच्या जोडाला उभे राहण्याचा. मावळातील जून ते सप्टेंबरच्या पावसात वाटीतील स्प्रिंग आणि खटका गंजून अडकतो, गोळ्यावर खड्डे पडतात, आणि दिवाळीच्या सुटीत गाडी बाहेर काढताना खटका पुरता बसला नाही हे हाताला कळत नाही. त्यामुळे अशा जोडासाठी पावसाळ्यापूर्वी गोळ्यावर झाकण घालणे, वाटी कोरडी करून खटका तेलावर ठेवणे आणि पहिल्या प्रवासाआधी तो दहा-वीस वेळा उघडझाप करून पाहणे, ही कामे किलोमीटर मोजून नव्हे, ऋतू पाहून करावी लागतात.